उजव्या हाताचा घास

प्रयोगशाळेतल्या उंदरांच्या खोलीत आम्ही दिवसाची रात्र करून ठेवली होती. उंदीर अंधारात जागे असतात, म्हणून भरदुपारी तिथे फक्त एक तांबडा बल्ब जळायचा. बाहेर रणरणतं ऊन आणि आत शिरलं की सगळं पाण्याखाली असल्यासारखं मऊ, मंद. काम संपलं तरी मी तिथेच रेंगाळायचे. माझ्या वर्गातली पोरं तेव्हा कंपनीच्या बसनं हिंजवडीला जायला लागली होती. कोथरूडच्या आमच्या सोसायटीत कोणीतरी विचारायचंच, ‘‘तुझं अजून उंदीरच का?’’ मी म्हणायचे, ‘‘हो. ते चौकशा करत नाहीत.’’

उंदराच्या मेंदूतला एक पंजा हलवणारा भाग आधी निकामी केलेला असायचा. मग काहींच्या त्या जागी गर्भातल्या पिल्लाच्या मेंदूचा मोहरीएवढा तुकडा बसवायचा. हे रोप धरतं का आणि पंजा पुन्हा कामाला लागतो का, ते आम्ही पाहत होतो. उंदरानं फटीतून पंजा घालून पलीकडचा दाणा उचलायचा. तो लबाड धडधाकट पंजाच घालणार, म्हणून त्या पंजाला पट्टी बांधायची.

घरी बाबांचा उजवा हात पक्षाघातानं गेला होता. जन्मभर चित्रकला शिकवलेला माणूस. डाव्या हातानं जेवायचं नाही म्हणजे नाही. आई भरवायची आणि मग स्वतः गारढोण जेवायची. लग्नामुंजींना जाणं त्यांनी सोडूनच दिलं होतं. एका ढिम्म उंदराला रोप लावल्याचं मी त्यांना सांगितलं आणि तो त्यांचा झाला. मी घरात पाऊल टाकलं की विचारायचे, ‘‘काय म्हणतो माझा गडी?’’ तो बरा झाला की पुढचा नंबर आपला, असं त्यांनी मनाशी धरलं होतं.

‘‘बाबा, माणसापर्यंत यायला फार वेळ आहे हो.’’

‘‘मला कुठे घाई आहे? रिटायर माणूस मी.’’

पट्टीचं कळल्यावर तर त्यांनी आईकडे रुमालच मागितला. ‘‘अहो, एक हात चालतोय, तोही बांधून ठेवू?’’ आई कडाडली. पण बाबांनी डावा हात खुर्चीला बांधून घेतलाच. रोज जेवताना उजवा हात सरकत सरकत ताटापर्यंत जायचा, बोटं भातात रुतायची आणि तिथेच राहायची. वर्गातल्या ढ पोराकडे पाहावं तसे बाबा त्यांच्याकडे पाहायचे, न रागावता. मग आई भरवायची.

एका दुपारी त्या तांबड्या उजेडात आमच्या गड्यानं पंजा घातला, दाणा चाचपला, धरला आणि तोंडात टाकला. मला एकदम भरून आलं. त्या संध्याकाळी बाबा दोन घास जास्त जेवले.

रोप जगलंय की नाही हे मात्र वरून कळत नाही. मेंदूचे कापच घ्यावे लागतात. पुढे सूक्ष्मदर्शकाखाली ते दिसलं, जखमेच्या खळग्यात निवांत वसलेलं, बारीक तंतू शेजारी पसरलेले. इतकं सुंदर, की मला डोळा काढवेना. दुसऱ्या कुणाच्या तरी झोपेत मी डोकावतेय असं वाटत राहिलं.

जेवताना बाबांनी विचारलं, ‘‘धरलं रोप?’’

‘‘धरलं.’’

‘‘वा! मग आता काय करतो तो दिवसभर?’’

मी ताटाकडे पाहत म्हटलं, ‘‘बाबा, मेंदू बघायचा तर... तो आता नाही.’’

आईचा हात थांबला. मला वाटलं, बाबा चिडतील. ते आपल्या भातात रुतलेल्या बोटांकडे पाहत होते.

‘‘शेवटी खात होता ना आपल्या हातानं?’’

‘‘हो.’’

‘‘मग झालं.’’

थोड्या वेळानं ते आईला म्हणाले, ‘‘सोड हा रुमाल.’’ तिनं गाठ सोडली. त्यांनी डाव्या हातानं वरणभात कालवला आणि घास घेतला. निम्मा सदऱ्यावर सांडला. आई पुसायला वाकली, तर त्यांनी मानेनंच नको म्हटलं.

‘‘तूही वाढून घे आता,’’ ते तिला म्हणाले. ‘‘गरम आहे तोवर.’’