साहेब येणार म्हणून सारवलेलं घर

आधीच माफी मागतो. लिहिणं हे माझं काम नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, आणि घरात आम्ही मराठी बोलतही नाही, बंजाऱ्यांची गोरमाटी बोलतो. तेव्हा याडीचं, म्हणजे माझ्या आईचं, आणि बाचं बोलणं मी इथे मराठीत करून लिहितोय. त्यात काही सांडलं तर तो दोष माझा. दुसरं म्हणजे, जे लिहितोय त्यात माझीही चूक आहे. चूक करणाऱ्यानं तक्रार लिहावी का, हे मला नीट कळत नाही. तरी लिहितो.

विम्याचे साहेब आमच्या घरात शिरले. पायात बूट. याडीनं सकाळीच सारवलेली जमीन अजून ओली होती. त्यांनी पाय टाकला तसा बुटाचा ठसा उमटला. मग दुसरा. खोलीच्या मधोमध थांबून त्यांनी चारी भिंतींवर नजर फिरवली आणि बाला म्हणाले,

"पूर आला होता की सोयरीक जमली होती?"

त्यांच्याबरोबर आलेला बँकेतला माणूस हसला. बासुद्धा हसला. साहेब हसले की आपण हसायचं, एवढंच बाला माहीत. याडी कोपऱ्यात पाण्याचा तांब्या धरून उभी होती. सोयरीक हा शब्द तिला कळला आणि ती लाजली. तिला वाटलं, घराचं कौतुक झालं.

मला कळलं होतं. तो टोमणा होता.

हिंगोली जिल्हा होऊन आता काही वर्षं झालीत. मी हिंगोलीच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. आमचा तांडा पुसेगावच्या पलीकडे, ओढ्याच्या काठाला. बा गवंडीकाम करतो. गावागावात लोकांची घरं बांधून झाल्यावर त्यानं स्वतःचं बांधलं. भाजलेल्या विटा, वर पत्रे, खाली मातीची जमीन. तांड्यातलं ते तिसरं की चौथं विटांचं घर असेल.

माझ्या शिष्यवृत्तीसाठी बँकेत खातं काढायला गेलो, तेव्हा तिथल्या माणसानं घराच्या विम्याचा फॉर्मही पुढे सरकवला. आग, भूकंप, पूर, असं तो भराभर बोलला. बानं अंगठा दिला. थोड्या दिवसांनी इंग्रजीत छापलेला कागद आला. बानं तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून पत्र्याच्या पेटीत ठेवला आणि तांड्यात सगळ्यांना सांगितलं. लोक मला विचारायला आले. नायककाका, म्हणजे तांड्याचे कारभारी, म्हणाले, "तू कॉलेजात हाईस. सांग बरं, पूर आला तर काय काय भेटतं?"

मी कागदाची पहिली ओळ वाचली होती. फक्त पहिली. बारीक अक्षरं पाहून मला भीती वाटली होती. पण ते सगळे माझ्या तोंडाकडे बघून राहिले होते.

मी म्हणालो, "समदं भेटतं."

पोळ्याच्या सुट्टीत मी घरी होतो तेव्हा ओढा फुगला. दुपारची वेळ. आधी पाणी रस्त्यावर आलं, मग अंगणात, मग उंबऱ्यावरून आत. याडीनं पेटी डोक्यावर घेतली, मी धाकट्या बहिणीला खांद्यावर घेतलं. दारातून निघालो तेव्हा पाणी माझ्या छातीला लागत होतं. टेकाडावरच्या शाळेच्या व्हरांड्यात सगळा तांडा उभा होता. तिथून आमचे पत्रे आणि भिंतींचा वरचा भाग तेवढा दिसत होता. बा एकदाही बसला नाही. त्याचे ओठ हलत होते. तो विटांचे थर मोजत असावा, किती बुडाले ते.

दुसऱ्या दिवशी मी बँकेत जाऊन अर्ज दिला. तिथला माणूस म्हणाला, साहेब पाहणीला येतील, कुणीतरी घरी थांबा. एवढंच म्हणाला. घरी येऊन मी याडीला तेवढंच सांगितलं.

"मोठे साहेब?" तिनं विचारलं.

"व्हय. जिल्ह्यावरून."

"आपल्या घरात येनार?"

"घरच बघायला येनार हाईत."

आमच्या घरात आजवर कुणी साहेब आला नव्हता. शाळेचे मास्तरसुद्धा अंगणातूनच हाक मारायचे. याडी कामाला लागली. ती आणि बहीण टोपल्यांनी गाळ काढत होत्या. भिजून आंबलेली ज्वारी तिनं ओढ्यात नेऊन टाकली, घरात वास नको म्हणून. भिंतीवर माझ्या छातीच्या उंचीला पाण्याची तपकिरी रेघ होती, सरळ, बानं दोरी धरून मारावी तशी. याडीनं ती घासली. जाईना. मग तिनं पांढऱ्या मातीचे दोन हात फिरवले. तिसऱ्या हाताला रेघ गेली. जमीन तीनदा सारवली. दारापुढे रांगोळी काढली. मी तिला पाणी आणून देत होतो. पांढरी माती मीच कालवली.

नायककाका येऊन बघून गेले. म्हणाले, "वहिनी, तुमी तर पुराला बी झाडून काढलं." याडी हसली. मीही हसलो.

आणि आठव्या दिवशी साहेब आले.

याडीनं तांब्या पुढे केला. त्यांनी हातानंच नको म्हटलं. चहा चुलीवर होता, तोही नको. मग बँकेतला माणूस त्यांना माझ्याकडे बोट करून काहीतरी म्हणाला.

"कॉलेजात आहेस ना?" साहेब मला म्हणाले. "मग सांग, पाणी कुठपर्यंत होतं?"

मी छातीवर हात ठेवला.

"तुझ्या अंगावर नको. भिंतीवर दाखव."

भिंतीवर काही नव्हतं. पांढरी, स्वच्छ भिंत. मी तिच्याकडे बघत राहिलो.  आईनं पुसलं, एवढे दोन शब्द म्हणायचे होते. ते म्हटले तर काय होईल याची भीती वाटली. पुरावा पुसला म्हणून आईलाच धरतील का, असं काहीतरी डोक्यात आलं. 

साहेब म्हणाले, "तुम्हा तांड्यावरच्या लोकांना बाकी काही कळो न कळो, फुकटचं बरोबर कळतं. कुणी शिकवलं हे? ह्यानं?"

बा हात जोडून म्हणाला, "साहेब, मागची भिंत बघा. तितं भेग पडली. पाया बसून राहिला." बा गवंडी आहे. त्याला भिंतीतलं कळतं. साहेबांनी मागच्या दारातून डोकावलं.

"मागे चिखल आहे," ते म्हणाले, आणि परत फिरले.

जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून त्यांनी काही लिहिलं. इंग्रजीत. खाली बोट ठेवून मला म्हणाले, सही कर, बापाचा अंगठा नको. मी वाचायला मान खाली घातली तर म्हणाले, "वाचून काय करणार? आम्हाला अजून चार गावं आहेत."

मी सही केली. कॉलेजात शिकलेली, वळणदार सही. ती चांगली आली.

जीप गेल्यावर याडी बुटाचे ठसे सारवायला बसली. तिनं विचारलं, "साहेब खूश होते ना?"

मी बाहेर निघून गेलो.

दुसऱ्या दिवशी पेटीतला विम्याचा कागद घेऊन मी हिंगोलीला आलो. कॉलेजच्या लायब्ररीत डिक्शनरी घेऊन बसलो. चार दिवस लागले. एकेक शब्द काढायचा, वहीत लिहायचा, मग वाक्य जुळवायचं. काही वाक्यं जुळतच नव्हती. जुळली ती अशी. विमा घराचा आहे, म्हणजे पाया, भिंती आणि छपराचा. पुराच्या पाण्यानं त्यांचं नुकसान झालं तर भरपाई आहे. घरातल्या वस्तूंची, धान्याची, जनावरांची नाही. त्यासाठी वेगळी यादी करून वेगळा हप्ता भरावा लागतो. तो भाग आमच्या कागदावर कोरा होता. आणि आणखी एक वाक्य होतं. नुकसान झालेली जागा शक्यतो पाहणी होईपर्यंत होती तशी ठेवावी.

ते वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. डिक्शनरी मिटली, परत उघडली. अर्थ बदलला नाही.

घरी जाऊन याडीला सांगणं हे त्या साहेबांसमोर उभं राहण्यापेक्षा अवघड होतं. ती भाकरी थापत होती. मी म्हणालो, ज्वारीचं काही मिळणार नाही. भांड्यांचं नाही. समदं भेटतं असं मी म्हणालो होतो, ते न वाचता म्हणालो होतो. आणि घर पुसायला नको होतं. मी वाचलं असतं तर तुला थांबवलं असतं.

तिचा हात पिठातच राहिला. तव्यावरची भाकरी करपली. मग म्हणाली, "पाहुन्याला गाळात बसवायचं व्हतं का?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"मंग घराचं तरी हाय का?"

"घराचं हाय. भिंतीचं हाय. पायाचं हाय."

"तर मंग तेच बोल," ती म्हणाली. "ज्वारी गेली ती जाऊ दे. भिंतीचं बोल."

भिंतीचं बोलायलाच हवं होतं. बानं मागच्या भेगेवर सिमेंटचा एक टिळा लावला होता, रुपयाएवढा. भिंत थांबलेली असेल तर टिळा तसाच राहतो. भिंत चालत असेल तर टिळा तडकतो. तो लावल्यापासून आम्ही सगळे उठलो की आधी तिकडे जायचो. बहीणसुद्धा. तिसऱ्या दिवशी टिळ्याच्या मधून केसाएवढी रेघ गेली होती. बानं हात लावला नाही. त्यानं फक्त याडीला सांगितलं, लेकरू त्या भिंतीकडं निजवू नको. पावसाचा आवाज आला की आम्ही चौघं अंगणात येऊन उभे राहायचो. भिजत. घर असून.

मग विम्याच्या ऑफिसातून निरोप आला. बाला घेऊन मी हिंगोलीला गेलो. टेबलामागच्या बाबूनं एक छापील कागद पुढे केला आणि शाईचं पॅड उघडलं. दावा मागे घेतो असं त्यात होतं. तो शांतपणे समजावत होता, अगदी आपल्या भल्याचं सांगावं तसं. रिपोर्ट विरोधात आहे. खोटा दावा निघाला तर प्रकरण पोलिसात जातं. तुम्हालाच तकलीफ होईल. त्यापेक्षा इथंच मिटवा.

पोलीस म्हटल्यावर बाचा चेहरा उतरला. आजोबांच्या वेळी आसपास कुठंही चोरी झाली की आधी आमचा तांडा झडायचा. माणसं बाहेर उभी करायचे, बायकांच्या पेट्या उपड्या करायचे. बानं ते लहानपणी पाहिलंय. तो त्याबद्दल कधी बोलत नाही. त्यानं अंगठा पॅडवर दाबला. माझ्याकडे न बघता.

अंगठा कागदावर टेकायला वीतभर अंतर होतं.

मी त्याचं मनगट धरलं. बाचं मनगट मी आयुष्यात कधी असं धरलं नव्हतं. ते जाड होतं, सिमेंटनं खरखरीत झालेलं. 

"बा, थांब," मी म्हणालो. मग बाबूला म्हणालो, "मला रिपोर्टची नक्कल पायजे."

बाबूनं चष्म्यावरून पाहिलं. "इंग्रजीत आहे. तुला समजणार आहे का?"

"पहिल्या वेळेला न्हाई समजणार. डिक्शनरी घेऊन बसतो."

"आणि पोलीस आले तर?"

   मी माझ्या वहीचं पान फाडलं आणि तिथंच उभ्यानं मराठीत अर्ज लिहिला. रिपोर्टची नक्कल मिळावी. मागच्या भिंतीची आणि पायाची पाहणी झालेली नाही, ती करावी. पोच मागितली. बाबू म्हणाला, पोच देत नाही. मी म्हणालो, मग मी थांबतो. आम्ही बाकावर बसलो. बाच्या अंगठ्यावरची शाई वाळत होती. त्यानं ती धोतराला पुसली, डाग पडला. ऑफिस बंद व्हायच्या वेळी बाबूनं शिक्का मारला.

 एसटीतून पुसेगावला उतरल्यावर बा म्हणाला, "तू काहून धरलास रे माझा हात?" रागानं नाही. भिऊन.

त्यानंतर दिवाळी होऊन गेली. बानं त्या भिंतीला आतून लाकडी बल्ल्यांचा टेकू दिला. टिळ्याची रेघ रुंद होत गेली आणि एक दिवस टिळा दोन तुकडे होऊन खाली पडला. आम्ही शाळेच्या व्हरांड्यात निजायला लागलो. पोलीस आले नाहीत. पण मोटारसायकलचा आवाज आला की बा अजून उठून उभा राहतो.

परवा कॉलेजच्या पत्त्यावर पाकीट आलं. रिपोर्टची नक्कल. एकच पान. मी ते लायब्ररीत त्याच टेबलावर वाचलं. आता डिक्शनरी कमी लागली. त्यात लिहिलंय, की घराची आतून व बाहेरून पाहणी केली. पाण्याची खूण आढळली नाही. भिंती व पाया सुस्थितीत आहेत. आणि शेवटी लिहिलंय, की विमाधारकाचा सुशिक्षित मुलगा पाहणीच्या वेळी हजर होता, त्यानं मजकूर वाचला व कोणतीही हरकत घेतली नाही. खाली माझी सही. वळणदार.

सोमवारी विम्याच्या ऑफिसात अर्ज घेऊन जातोय. त्यात पहिलं वाक्य असं लिहिलंय, की मला वाचू दिलं नाही आणि ही सही मी भिऊन केली. ते लिहिताना लाज वाटली. खोडलं नाही. दुसरं वाक्य, घर माझ्या आईनं पुसलं आणि पांढरी माती मी कालवली. तिसरं, मागे चिखल होता म्हणून साहेब मागे गेले नाहीत.

भीती अजून आहे. ती घेऊनच जातोय. त्या पानावर मी हरकत घेतली नाही असं लिहून ठेवलंय.

मी घेतो. माझी हरकत आहे.