ईश्वरप्पांच्या शेडमधलं भूत

रातपाळी सुटली की रत्नदीप सरवदे कारखान्याच्या दारात उभा राहून अंग झटकायचा. कापसाची लव केसांत, भुवयांत, कानांच्या पाळ्यांवर बसलेली असायची. कितीही झटकली तरी निम्मी घरापर्यंत सोबत यायचीच. तेजश्री लहान असताना त्याला या अवतारात बघून 'म्हातारे पप्पा आले' म्हणायची आणि आंघोळ करून तो बाहेर आला की टाळ्या वाजवायची, 'तरणे झाले!' आता ती पाचवीत होती. टाळ्या बंद झाल्या होत्या, आणि आंघोळीनंतर तरणं व्हायचंही रत्नदीपला आता जमत नव्हतं.

करमाळा तालुक्यातल्या गावातून तो विशीच्या आत सोलापुरात आला. ईश्वरप्पांच्या शेडमध्ये यंत्रमागावर काम शिकला. मालक असूनही ते त्याला धाकट्या भावासारखं वागवायचे. पुढं धंदा बसला, माग भंगारात गेले आणि गल्लीच्या टोकाची ती शेड नुसती पत्र्याची पोकळी होऊन राहिली. ईश्वरप्पा मुलाकडं राहायला गेले. जाताना शेडची किल्ली रत्नदीपच्या हातात देऊन म्हणाले, "अधूनमधून बघत जा रं." रत्नदीप मग अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात लागला. दिवसपाळीची जागा तिथं सहसा रिकामी होत नसे. त्याच्या वाट्याला रात आली ती आलीच.

रात्र तो कशीही काढायचा. खरी पंचाईत दिवसाची होती. घर दीड खोलीचं. बाहेरच्या खोलीत त्याची बायको मनाली टॉवेलच्या कडा शिवायला बसायची. मशीन सकाळी सुरू व्हायची ती संध्याकाळी थांबायची. आतल्या अर्ध्या खोलीत रत्नदीप चादर डोक्यावर घेऊन पडायचा, आणि मशीनची टकटक फरशीतून थेट त्याच्या जबड्यात यायची. दुपारी तेजश्री शाळेतून आली की टीव्ही लागायचा. तिला एका कार्टूनचं वेड होतं. चार मित्र, पडके वाडे, ओसाड कारखाने, त्यात भूत. भूत किंचाळायचं, पोरं किंचाळायची, धावाधाव व्हायची. शेवटी भुताचा मुखवटा निघायचा आणि आत कुणीतरी लबाड माणूस निघायचा.

"पप्पा, भूत कदीच खरं नसतंय," कामावर निघण्याआधी तो जेवायला बसला की ती सांगायची.

"आपन कुटं मानतो भूतबीत?" रत्नदीप म्हणायचा. भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्धांच्या तसबिरी होत्या. घरात अंगारे-धुपारे कधी झाले नव्हते.

"न्हाय मानत. पन शोधावं तर लागतंय की! नुसतं न्हाय म्हनून कसं चालंल?"

त्याला हे बोलणं आवडायचं. पण घास चावता चावता डोळे मिटायचे आणि पुढचं ऐकू यायचं नाही.

एका दुपारी कार्टूनमधलं भूत इतकं जोरात किंचाळलं की तो दचकून उठला, बाहेर आला आणि रिमोट उचलून भिंतीवर फेकला. सेल उडून मशीनखाली गेले. मनालीचा पाय थांबला. तेजश्री रडली नाही, ओरडली नाही. नुसती भिंतीला टेकून त्याच्याकडं बघत राहिली. ती नजर रत्नदीपला झोपेपेक्षा जड गेली. त्यानं वाकून सेल शोधले, रिमोटला चिकटपट्टी लावली आणि तिच्या हातात दिला. "बघ, बघ तू," म्हणाला. पण तिनं त्या दिवशी टीव्ही लावला नाही.

दुसऱ्या दिवसापासून तो घरी येऊन आंघोळ करायचा, भाकरी खायचा आणि म्हणायचा, "कारखान्यात जरा जादा काम हाय." मग गल्लीला वळसा घालून मागच्या बाजूनं ईश्वरप्पांच्या शेडमध्ये शिरायचा. तिथं कोपऱ्यात जुन्या चादरींचा ढीग होता. दार आतून लावलं की सगळं जग मागं राहायचं. पत्रा तापायचा, घामानं अंग चिंब व्हायचं, तरी झोप लागायची. मनालीला खरं सांगावं असं त्याला रोज वाटायचं. पण सांगितलं तर ती मशीन बंद ठेवणार, हे त्याला ठाऊक होतं. दोघांचं काम चाललं तरच घर चालत होतं.

त्याला एकच ठाऊक नव्हतं. तो झोपेत बोलायचा. रात्रभर मागावर ज्याच्यामागं धावायचं, तेच झोपेतही यायचं. "तुटला... तुटला..." असं तो कण्हायचा. दोरा तुटला की माग थांबतो, तो लगेच जोडावा लागतो. पण रिकाम्या शेडच्या पत्र्यांतून तो आवाज घुमून बाहेर यायचा तेव्हा त्यातला दोरा कुणाला दिसणार?

तो आवाज आधी शेजारच्या राजसनं ऐकला. पतंग शेडवर अडकला म्हणून तो भिंतीवर चढला होता. "कुनाचा तरी हात तुटला असंल बग मागात," त्यानं तेजश्रीला आणि तिच्या वर्गातल्या वैदेहीला सांगितलं. "त्योच वरडतोय." दोन दिवसांत गल्लीतल्या बायका शेडवरून जाताना पदर सावरून भराभर चालू लागल्या. मनालीनंही तेजश्रीला बजावलं, "तिकडं जाऊ नगंस. भूत न्हाय, पन कोन दारुडा असंल."

तेजश्रीनं हे ऐकलं आणि तिला वाटलं, आता आपली वेळ आली.

शनिवारी शाळा लवकर सुटली. तिघं मागच्या बाजूला गेले. एक पत्रा खिळ्यातून निसटलेला होता. तो वाकवून एकेक जण आत शिरला. आत उकाडा होता आणि जुन्या तेलाचा वास. माग जिथं उभे असायचे तिथं फरशीवर काळे चौकोन उरले होते. कोपऱ्यात पांढऱ्या चादरीखाली काहीतरी लांबलचक पडलेलं होतं. ते वर-खाली होत होतं.

"तुटला..." चादरीखालून आवाज आला.

राजसनं मागं वळून धूम ठोकली. वैदेहीनं तेजश्रीचा हात घट्ट धरला. तरी तेजश्री पुढं गेली. कार्टूनमध्ये हा क्षण तिनं कितीदा तरी पाहिला होता. तिनं चादरीचं टोक पकडलं आणि ओढलं.

खाली तिचे पप्पा होते. तोंड उघडं, दाढी वाढलेली, डाव्या भुवईत आंघोळीतूनही सुटलेली कापसाची लव. चादर निघाली तरी ते जागे झाले नाहीत.

"कोन हाय गं?" वैदेहीनं मागून विचारलं.

तेजश्रीनं चादर पुन्हा त्यांच्या छातीपर्यंत ओढली. "आमचे पप्पा," ती म्हणाली.

तिनं त्यांचा खांदा हलवला. रत्नदीपचे डोळे उघडण्याआधी हात उठले आणि बोटं हवेत दोरा जोडू लागली. "आलो मालक, आलोच," तो पुटपुटला. मग त्याला ती दिसली.

"तू हितं कशी?"

"तुमी हितं कसे?" तिचा आवाज चिरकला. "घरी का झोपत न्हाई तुमी?"

"घरी आवाज असतोय गं."

"माझ्या कार्टूनचा?"

रत्नदीप उठून बसला. खोटं बोलायलाही ताकद लागते आणि ती त्याच्यात नव्हती. "सगळ्याचाच," तो म्हणाला. "तुजा एकटीचा न्हाय."

एव्हाना राजसनं गल्लीत जाऊन आरडाओरडा केला होता. दाराशी माणसं जमली. कुणाच्या हातात काठी होती, कुणी मोबाईल वर धरला होता. रत्नदीपनं आतून कडी काढली आणि बाहेर आला, तेव्हा आधी कुणीतरी हसलं, आणि मग सगळेच हसले. गर्दीच्या मागं मनाली उभी होती. गळ्यात टेप, खांद्यावर तुटलेले धागे. ती हसली नाही. वळली आणि घरी गेली.

त्या दिवशी मग मशीन पुन्हा सुरू झालीच नाही. ती शांतता रत्नदीपला सोसवेना.

"बोल की कायतरी," तो म्हणाला.

"काय बोलू? सगळी गल्ली हसली, त्याचं मला काय न्हाय. पन तुमी रोज माझ्या तोंडावर खोटं बोलून जात होता. मला सांगता येत नव्हतं व्हय?"

"सांगितलं असतं तर तू मशीन बंद केली असतीस."

"केली असती." तिनं त्याच्याकडं पाहिलं. "न्हाईतर दुसरं कायतरी केलं असतं. तुमी इचारलंच न्हाय."

रत्नदीप डबा घेऊन कामावर गेला. तिथं व्हिडिओ त्याच्या आधी पोचला होता. खात्यातला मायाप्पा त्याला बघून "आलं बगा भूत" म्हणाला. पुढं कितीतरी दिवस तेच नाव चाललं. त्याला राग आला नाही. रागावायला ताजं अंग लागतं.

सोमवारी मनालीनं ईश्वरप्पांना फोन केला. व्हिडिओ त्यांच्यापर्यंतही पोचला होता. "आमच्या शेडला भूत लागलं म्हनं," ते म्हणाले आणि स्वतःच्या विनोदाला खोकेपर्यंत हसले. मनालीनं विचारलं, मशीन शेडमध्ये टाकू का? ते म्हणाले, "टाक की बाई. बंद ठेवून काय पूजा करायची हाय?"

मशीन हातगाडीवरून शेडमध्ये गेली. दिवसा मनाली तिथं शिवू लागली. गल्लीतल्या आणखी दोघी आपापल्या मशीन घेऊन आल्या. तेजश्री शाळेतून थेट तिकडं जायची आणि टॉवेलच्या घड्या घालायला बसायची. टीव्हीचं नाव काढत नव्हती. वैदेहीनं एकदा विचारलं, आता कार्टून का बघत नाहीस? ती म्हणाली, "त्यात शेवटी मुखवटा काढत्यात आन् हसत्यात. तू असं का केलंस, ते त्याला कोनच इचारत न्हाय."

दिवसा घर आता एकट्या रत्नदीपचं होतं. पहिले काही दिवस त्याला तिथं झोप आली नाही. खोली इतकी गप्प होती की बाहेर रिक्षा वळली तरी तो उठून बसायचा. वाटायचं, सगळ्यांना बाहेर काढून आपण पसरलोय. एकदा तर उशी काखोटीला मारून तो शेडपर्यंत गेला. मनालीनं मशीनवरून मान वर केली आणि फक्त म्हणाली, "जावा घरी." तो परत गेला.

पुढं कधीतरी शरीरानं हार मानली. एके दिवशी तो आडवा झाला तो थेट दिवेलागणीला उठला. कुठला वार आहे तेही क्षणभर कळेना. हातपाय हलके होतील असं त्याला वाटलं होतं. झाले नाहीत. इतक्या वर्षांचा शीण एका झोपेत कुठून उतरणार? पण डोक्यातली टकटक थांबली होती.

मनाली आणि तेजश्री शेडला कुलूप लावून परतल्या. तेजश्रीनं त्याच्याकडं जरा वेळ निरखून पाहिलं.

"आज बोललासा का झोपंत?" तिनं विचारलं.

"मला काय म्हाईत? ऐकायला कोन हुतं हितं?"

मनालीनं ताट वाढलं. तो सावकाश जेवला. मग शर्ट चढवला, डबा सायकलला अडकवला आणि रातपाळीला निघाला.