येऊन दाखवा, जवाई!

समुद्र पाहायला जिथून दीड दिवस गाडीत बसावं लागतं, त्या आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात शिडाच्या होडीची शाळा काढावी असं आजवर एकाच माणसाच्या डोक्यात आलं, आणि तो माणूस नेमका माझ्या बायकोचा मावसा निघाला. नशीब म्हणतात ते हेच. दुसऱ्यांचे मावससासरे रिटायर झाले की कोंबड्या पाळतात, नाही तर ग्रामपंचायतीला उभे राहतात. आमच्या मावसाजींनी बावीस वर्षं नेव्हीत पोरांना शीड शिकवलं, पेन्शन घेतली आणि सिंदेवाहीपासून तीन कोसांवरच्या आपल्या गावी एक लोखंडी पेटी, एक पांढऱ्या कापडाची गुंडाळी आणि मावशीला घेऊन ते परत आले. गावाला लागून जुना मालगुजारी तलाव. दुसऱ्या दिवशी सकाळी ते पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, उभे राहिले, वाऱ्याकडे तोंड केलं आणि म्हणाले, "मस्त हाय!" मावशी सांगते, ती गुंडाळी तिनं त्याच वेळी चुलीत घालायला हवी होती.

होडी त्यांनी गावच्या सुताराकडूनच करवून घेतली. त्या सुताराचा हात बैलबंडीवर बसलेला. महिनाभर तो निमूट फळ्या ठोकत होता, शेवटी न राहवून त्यानं विचारलंच, "भाऊ, सारं झालं, पण चाकं कुठी लावाची?" मावसाजींनी त्याला शांतपणे सांगितलं की हिला चाकं नसतात, पोटातून खाली सोडायची एक फळी असते आणि त्या फळीच्या जोरावर ती वाऱ्याच्या विरुद्धही येते. सुतारानं मान हलवली, पण जाताजाता मावशीला म्हणाला, "बाई, भाऊले ऊन लागलं काय?" होडी पाण्यात उतरली तेव्हाही ती लांबून बैल सोडलेल्या बंडीसारखीच दिसायची. मावसाजींना मात्र ती राजहंस वाटे. घरावर त्यांनी पाटी लावली: 'शिडाच्या होडीचे वर्ग. मोफत. पोहता येणे सक्तीचे. रडणे मना.'

पहिले चार रविवार पाण्याला पाय लावायची परवानगी नव्हती. अंगणात खाट टाकायची, मधोमध बांबू उभा करायचा, त्याला दुसरा आडवा बांबू आणि मावशीची चादर. आम्ही विद्यार्थी, म्हणजे गावचा पोस्टमन, दवाखान्यातला कंपाउंडर आणि मी, खाटेच्या काठावर ओळीनं बसायचो. मी तेव्हा बल्लारपूरला कागद कारखान्यात टाइमकीपर होतो. रविवारी पहाटे चांदा फोर्टवरून छोट्या लाईनची गाडी धरून सासुरवाडीच्या खाटेवर होडी चालवायला यायचो, हे मी कारखान्यात कधी कुणाला सांगितलं नाही. "पलट!" अशी आरोळी आली की खाटेची बाजू बदलायची आणि "डोकं!" अशी आरोळी आली की मान खाली घालायची, कारण आडवा बांबू फिरत येई. ज्यानं घातली नाही त्याच्या कपाळाला टेंगूळ. मला दोन होती. बायकोनं विचारलं तेव्हा मी गाडीचं दार लागलं म्हणून सांगितलं.

ही 'डोकं'ची सवय इतकी हाडात मुरली की पुढे पोस्टमनच्या लग्नात आफत झाली. मंडप थोडा ठेंगणा होता. वधूवर समोरासमोर उभे, हार हातात, आणि मागून कुणी तरी उंच पाहुणा बांबूखालून येताना पाहून मावसाजी सवयीनं ओरडले, "डोकं!" कंपाउंडर वाकला, मी वाकलो, आणि नवरदेवही वाकला. नवरीनं नेमका त्याच क्षणी हार टाकला, तो जाऊन पडला मागच्या फोटोग्राफरच्या गळ्यात. अख्खा मंडप हसून हसून बेजार. मावसाजी तेवढे खूश होते. म्हणाले, "पाहा, लग्नातबी ध्यान ठेवते पोरगा!"

घरात त्यांचा जीव कशात अडकला असेल तर मावशीच्या लुगड्यात. अंगणातल्या दोरीवर लुगडं कसं उडतं त्यावरून ते वारा मोजायचे. लुगडं वाळून कडक झालं तरी काढू द्यायचे नाहीत. "राहू दे, मी वारा पाहून राह्यलो." मावशी खमकी. "पाहा बाप्पा, खुशाल पाहा! अन् मी का नेसू, वारा नेसू?" आणि दुसरा नाद गाठींचा. कुणाचीही ढिली गाठ त्यांना बघवत नसे. शेजाऱ्याची गाय त्यांनी अशी बांधून दिली की शेवटी दावं कापावं लागलं. एकदा एसटीच्या टपावर चढून त्यांनी सगळ्या पाशिंजरांचं सामान सोडलं आणि नव्यानं बांधलं. गाडी पाऊण तास उभी. कंडक्टर खालून शिव्या घालतोय आणि हे वरून त्याला गाठीचं नाव सांगताहेत.

आणि एक गोष्ट सांगायची राहिली. जमिनीवर ते मला कधी 'जवाई, बसा', 'जवाई, घ्या' याखेरीज बोलले नाहीत. पाय धुवायला पाणी, पाटावर टॉवेल, सगळा मान. पण मी होडीत पाय ठेवला की पाळीवर त्यांच्या हातात रॉकेलच्या डब्याचा भोंगा यायचा आणि जावई मेलाच समजा. "अबे, बूड सरकव! दोर ढिला सोड! काऊन झोपून राह्यला?" तिकडे पाण्यावर मी घामाघूम आणि इकडे धुणं धुणाऱ्या बाया पोट धरून हसताहेत. काठाला लागलो की पुन्हा, "या जवाई, दमले असान."

आता खरी मेख अशी की गावाकडून पलीकडच्या काठाकडे वारा कायम वाहायचा. त्यामुळे जाणं सोपं. शीड सोडलं की होडी आपली आपण पल्याडच्या जंगलाला जाऊन टेकायची. परत येणं मात्र आम्हा तिघांपैकी एकालाही कधी जमलं नाही. वल्हं ठेवायला मावसाजींची सक्त मनाई. पल्याड गोंडांची दहाबारा घरं होती. ते लोक इतके सरावले होते की रविवारी शीड दिसलं की होडी टेकायच्या आत बैल जुंपून बंडी काठाला आणत. कोरा चहा पाजत, होडी बंडीवर चढवत आणि पाळीवरून आमची मिरवणूक निघे. तिथला म्हातारा मला एकदा गंभीरपणे म्हणाला, "तुमची होडी चांगली हाय, जवाई. बैलाले जड नाई जात." मावसाजींना हे झोंबायचं. बंडी दारात आली की ते एवढंच म्हणायचे, "जाणं काय, पाचोळाबी जाते. येऊन दाखवा, जवाई."

चूक आमची एकच होती. वारा गावाकडून यायचा आणि त्याच्यासोबत मावशीच्या झिंग्याच्या रश्श्याचा वास यायचा. भुकेला माणूस होडीचं तोंड सरळ त्या वासाकडे करतो. तसं केलं की शीड फडफडतं, होडी थांबते आणि मागं सरकू लागते. मावसाजी भोंग्यातून बोंबलायचे, "घराकडे पाहू नको! घराकडे तोंड केलं का होडी मरते! तिरपा जा, तिरपा!" पण ऐकतो कोण! पोटात कावळे ओरडत असताना जेवणाकडे पाठ करून जायचं हे मनाला पटतच नव्हतं.

त्या हिवाळ्यात एका रविवारी मी ओसरीवर चहा घेत असताना मासेमारी सोसायटीचे अध्यक्ष गोविंदाभाऊ मावसाजींकडे आले. तलाव सोसायटीचा, आणि आमची भरकटलेली होडी त्यांच्या जाळ्यांत दोनदा घुसली होती. माणूस भला, पण तोंडाचा फटकळ. "जयभीम, भाऊ," त्यांनी ओसरीवर बसता बसता सुरुवात केली. "तुमची होडी जाते पाण्यातून अन् येते बंडीतून. याले शाळा म्हणाव का वरात? सभेत ठरलं हाय. येत्या रविवारी होडी वल्ह्याशिवाय वापस आली तं शाळा चालू. नाई तं बंद."

मावसाजी हसले. "एवढंच? मी आणतो."

"तुम्ही कायले? तुम्ही तं नेव्हीवाले. तुमचं शिकवणं कोणाले लागते का, ते पाहाचं हाय."

मावसाजींचं हसू मावळलं. पोस्टमन नव्या नवरीला घेऊन तिच्या माहेरी गेला होता आणि कंपाउंडरला ताप होता. सगळ्यांच्या नजरा माझ्यावर. मी चहाच्या बशीत बघू लागलो.

शनिवारीच मी जाऊन पोचलो. संध्याकाळी मावसाजी होडीला तेल पाजत होते, आणि मावशी मला चुलीपाशी वाढता वाढता हळूच म्हणाली, "जवाई, एक सांगू? हे अठरा वर्षाचे असताना घरी न सांगता पळाले नेव्हीत. यांचा बाप रोज सांजच्याला त्या पाळीवर जाऊन उभा राहे. बाप गेल्याची तार आली तवा हे जहाजावर होते. पोचले तवा सारं होऊन गेलतं. तवापासून यांचं एकच. जाणं शिकवणारे गंज, ढिगानं भेटले म्हणतात, येणं कोणी नाई शिकवलं." मग तिनं डोळे पुसले आणि धुराला चार शिव्या घातल्या. मी आतापर्यंत या माणसाला मजेचा विषय समजत होतो. त्या घासानंतर मला भाकरी गोड लागेना.

रविवारी पाळीवर सारं गाव. मी सुटलो आणि वाऱ्यानं मला मुकाट पल्याड नेलं. तिथं बंडी तयारच! मी हातानंच नको म्हटलं, तर म्हातारा बंडीवर बसूनच राहिला, न जाणो. मी फळी खाली सोडली, दोर ओढला आणि गावावरून नजर काढली. शिंगाड्याच्या वेलांपर्यंत तिरपा गेलो. स्वतःलाच ओरडलो, "पलट! डोकं!" मग बाभळीपर्यंत तिरपा. पुन्हा पलट. वाऱ्यावर रश्श्याचा वास होताच. मावशीनं त्या दिवशी जरा जास्तच मसाला घातला असावा. पण मी नजर बाभळीवरून हलवली नाही. पाचव्या का सहाव्या पलटीला माझ्या लक्षात आलं की पाळीवरून आवाज येत नाहीये. भोंगा गप्प होता. पाहावंसं फार वाटलं, बाप्पा! पाहिलं नाही. आणखी दोन पलटी झाल्या आणि होडीचं नाक धुण्याच्या दगडाला लागलं.

मग काय ओरडा! गोविंदाभाऊंनी टोपी उडवली, पल्याडून म्हाताऱ्यानं रिकामी बंडी पळवत आणली. मावसाजी पाण्यात गुडघाभर उतरले. मला वाटलं, आता शाब्बास म्हणतील, निदान एखादी शिवी तरी. ते फक्त म्हणाले, "आला तू." आणि होडीचा दोर घेऊन खुंटाला बांधू लागले. अख्ख्या जिल्ह्याच्या गाठी सोडून बांधणारा माणूस, पण दोर त्यांच्या हातून सारखा निसटत होता. तीनदा प्रयत्न केला, गाठ बसेना. मी त्यांच्या हातून दोर घेतला आणि बांधला. त्यांनी ओढून पाहिला. ढिला होता, पण त्यांनी तसाच राहू दिला.

शाळा पुढे पाच वर्षं चालली. आता मावसाजी नाहीत. होडी ओसरीत पालथी पडली आहे आणि तिच्यावर मावशीच्या कोंबड्या बसतात. परवा गेलो होतो. जेवण झालं, ऊन उतरलं, दोरीवरचं लुगडं कधीचं वाळून फडफडत होतं. मी म्हटलं, "मावशी, काढून आणू काय लुगडं?"

ती पाळीकडे पाहत होती. "राहू द्या जवाई," ती म्हणाली. "येणाऱ्याले वारा दिसाले पाहिजे."