ओसरीपर्यंत डांबर

किन्हीराजातल्या अकरा घरांच्या दारात सरकारी डांबर आहे आणि त्याला मी जबाबदार आहे. इतकी वर्षं लपवलं, आता सांगून टाकतो.

तेव्हा आमचा भाग अकोला जिल्ह्यात होता. मी नवा ओव्हरसियर, नोकरी अजून कच्ची. पहिलंच काम सासुरवाडीचं निघालं. मोठ्या सडकेपासून गावच्या शाळेपर्यंत रस्ता मोजायचा आणि डांबर किती लागेल ते लिहून द्यायचं.

टेपचं टोक धरायला सासरे, म्हणजे आमचे मामाजी, स्वतः आले. "जवाई मोजून राह्यला अन् टोक गड्यानं धरावं? मी मेलो काय?"

मी टेप घेऊन पुढं जायचं, थांबलो की आकडा लिहायचा. मामाजींनी तिथं चुन्याची खूण करायची आणि पुढचं माप त्या खुणेपासून. पद्धत चोख होती. पण गावचा जावई दारावरून चहा न घेता गेला, तर ते घर वर्षभर रुसतं. पहिल्याच ओसरीवरून हाक आली, "या जवाईबुवा, च्या ठेवला हाये."

गेलो. टेप हातातच. मी थांबलो, म्हणून मामाजींनी पायरीशी खूण केली. चहा पिऊन रस्त्यावर परतलो, तेही माप लिहिलं. (मी फार प्रामाणिक होतो.) अशी अकरा घरं!

त्याच मापावर डांबर मागवलं आणि काम झालं. रस्ता शाळेपाशी संपला, तरी डांबराची सहा पिंपं उभीच. आणि दुसऱ्या दिवशी मोठे साहेब तपासणीला येणार.

"मामाजी, माझी नोकरी गेली."

"कायले जाईन? माप तुमचंच हाये ना?"

"माझंच."

"मंग ते चुकन कसं? रस्ता कमी पडून राह्यला."

त्यांनी मजुरांना चुन्याच्या खुणा दाखवल्या. संध्याकाळपर्यंत मी चहा प्यालो त्या प्रत्येक ओसरीपर्यंत डांबर गेलं, पूर्ण रुंदीनं; जायची पट्टी वेगळी, यायची वेगळी. एका घरी मी हात धुवायला मोरीवर गेलो होतो. तिथंही गेलं.

साहेबांनी सकाळपासून दुपारपर्यंत टेप लावला. आकडा तंतोतंत जुळला. ते मोरीपाशी उभे राहून म्हणाले, "रस्ता इथं कशाला आला?"

"जवाई आले होते, साहेब," मामाजी अभिमानानं म्हणाले.

साहेबांनी तिथंच शेरा लिहिला. त्या शेऱ्यावर माझी नोकरी पक्की झाली: 'मोजमाप अचूक. ओव्हरसियर विवाहित आहे, हे पुढील काम देताना लक्षात घ्यावे.'