सगळ्यांनी पाहिलेली गाठ

माझ्या थोरल्या बहिणीच्या, अक्काच्या छातीतली गाठ जालन्यातल्या दवाखान्यात सकाळीच काढली होती. मी पुण्याहून संध्याकाळी पोहोचले तरी ती स्टीलच्या ट्रेमध्येच. वर फडकं, आणि माश्या बसू नयेत म्हणून पंखा सोडलेला. गाठ खराब होऊ नये म्हणून मी पाठवलेली फॉर्मलिनची बाटली खिडकीत, झाकणही न उघडलेलं.

"भाऊजी, निघाली की लगेच बाटलीत टाका म्हणून फोनवर बजावलं होतं ना?"

"टाकून राह्यलो की आता. दादा मंठ्याहून निघाल्येत. त्यांनी बघितल्याबिगर कसं?"

दादा म्हणजे भाऊजींचे थोरले भाऊ. आमच्याकडं डॉक्टर गाठ बाहेर आणून नातेवाइकांना दाखवतात, म्हणजे ऑपरेशन खरंच झालं याची खात्री पटते. इथवर ठीक. पण घरातल्या कर्त्या माणसानं पाहिल्याशिवाय ती जागची हलवायची नाही, ही अक्कल कुणाची? सिस्टर मागायला आली तर तिलाच गप्प बसवलं म्हणे. तोवर भोकरदनचे व्याही पाहून गेले, मस्तगडातल्या शेजारणीही पाहून गेल्या. प्रदर्शनच मांडलं होतं.

माझं पोट याच कामावर. प्रयोगशाळेत आम्ही गाठीचा पातळ काप काचेवर घेतो आणि त्यावर अँटिबॉडी सोडतो. पेशीत हार्मोनचा रिसेप्टर, म्हणजे हार्मोन पकडणारा रेणू, असला की अँटिबॉडी त्याला चिकटते, तपकिरी रंग येतो. दुसरी एक अँटिबॉडी फार नखरेल. रिसेप्टरवर फॉस्फेट लागलेलं असेल, म्हणजे तो कामाला लागलेला असेल, तरच ती चिकटते. रंग आला तर हार्मोन अडवणारी गोळी लागू पडायची आशा. पण गाठ उघडी पडून राहिली की आधी फॉस्फेट जातं, मग हळूहळू रिसेप्टरही.

गाठ मी पुण्याला नेऊन तपासली, पण अक्काच्या काचांवर काही उमटलं नाही. गाठीशेजारच्या निरोगी पेशींत तरी रंग यायलाच हवा होता, तिथंही कोरं. म्हणजे तपासणीच वाया गेली होती. जालन्याचे डॉक्टर मात्र म्हणाले, "रंग नाही ना? मग गोळी नको." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पुष्कळ भांडले तेव्हा "तुमच्या समाधानासाठी" म्हणून त्यांनी गोळी लिहिली. जीव अक्काचा, समाधान माझं.

घरी दादा सगळ्यांना सांगत होते, "मी सोता पाह्यली. चांगली लिंबाएवढी व्हती." कुणी त्यांना चहा दिला.

अक्कानं आतल्या खोलीत पहिली गोळी हातावर घेतली. "ही लागू पडंल का गं?"

"माहीत नाही, अक्का. ते ज्यातून कळलं असतं, ते यांनी पंख्याखाली वाळवलं."

तिनं गोळी गिळली, पाणी प्यायली. बाहेर दादा अजून लिंबाचंच सांगत होते.

"त्या दिशी मी दुपारीच शुद्धीवर आल्ते," ती म्हणाली. "माझी व्हती ना ती? मला कुनी दावली न्हाई."