एकही कळ न दाबता

मृणाल पेठकर हात मागे बांधून पडद्यासमोर उभी होती. मूळची सांगलीची मृणाल लखनऊच्या एका संशोधन संस्थेत संगणक विभागात काम करते. दुपारी शेती-संशोधक प्रशिक्षणाला येणार होते. प्रत्येकाला एक आभासी संगणक हवा होता, म्हणजे मोठ्या सर्व्हरच्या आत चालणारा वेगळा संगणक. एरवी ती पडद्यावरच्या एकेका खिडकीपुढे बसून इन्स्टॉलेशनच्या भाषा, कळफलक, डिस्क अशा प्रश्नांची उत्तरं देत असे. या वेळी सगळी उत्तरं तिनं एका फाईलमध्ये लिहिली आणि ती फाईल नेटवर्कवर कुठे आहे हे सांगणारी ओळ बूट ऑप्शन्समध्ये, म्हणजे यंत्र सुरू होतानाच वाचतं त्या सूचनांमध्ये घातली. यंत्र सुरू करायचं आणि बाजूला व्हायचं.

विभागप्रमुख राघव श्रीवास्तव यांनी बजावलं होतं, "लंच तक हो गया तो लॅब आपकी, मृणाल जी. नहीं तो ट्रेनिंग हमेशा के लिए बाहर के सेंटर में."

सगळ्या खिडक्यांत अक्षरं एकदम धावू लागली. पट्ट्या भरत गेल्या.

"यार ताई, ही तर रेस आहे," सिद्धेश म्हणाला. हा संस्थेतला कीटकशास्त्रज्ञ, लखनऊतच वाढलेला.

पट्ट्या भरल्या. यंत्रं बंद होऊन पुन्हा सुरू झाली, आणि इन्स्टॉलेशन पहिल्यापासून चालू झालं.

"अच्छा, दोबारा क्यों?" मागे येऊन उभ्या राहिलेल्या राघव सरांनी विचारलं.

मृणाल चक्रावली. चाचणीत हे कधीच झालं नव्हतं.

"चाचणीत तू काय करत होतीस?" सिद्धेश म्हणाला.

"काही नाही. नुसती बसले होते."

"नुसती? तू? दुसऱ्याच्या टेबलावरचे पेनसुद्धा सरळ करतेस."

ती खुर्चीत बसली. समोरच्या यंत्राची पट्टी दुसऱ्यांदा भरली आणि तिचा हात आपसूक सेटिंग्जकडे गेला. सुरू होताना यंत्र आधी कुठे बघेल त्या क्रमात नेटवर्क खाली, डिस्क वर. पूर्वी इन्स्टॉलेशनची सीडी शेवटी काढून घ्यायची, तीच जुनी सवय. ते यंत्र नीट सुरू झालं.

"हे," ती म्हणाली. "दर वेळी हे मीच करत होते, आणि मला कळत नव्हतं."

"मग डिस्क आधीपासूनच वर ठेव."

"तेच करतेय."

"पण रिकाम्या डिस्कवरून सुरू कसं होणार?"

"नाहीच होणार. म्हणून यंत्र स्वतःच नेटवर्ककडे वळेल. डिस्क भरली की पुन्हा तिकडे जायचं कारण उरणार नाही."

तिनं सगळ्या यंत्रांच्या डिस्क रिकाम्या केल्या, क्रम बदलून यंत्रं नव्यानं सुरू केली. पट्ट्या पुन्हा भरल्या. खिडक्या काळ्या झाल्या. मग एका कोपऱ्यात लॉगिनची ओळ उमटली, शेजारी दुसरी, आणि बघता बघता पडदा भरला.

"चलिए," राघव सर म्हणाले, आणि तिथेच उभं राहून त्यांनी बाहेरच्या केंद्राला फोनवर नकार कळवला.

लखनऊजवळच्या बख्शी का तालाबकडून संशोधकांना घेऊन आलेल्या गाडीतून यादीपेक्षा पाच जण जास्त उतरले. मृणालनं आणखी पाच यंत्रं सुरू केली आणि त्या पाच जणांना चहाला पाठवलं.