उलटं चालणारं बदक

चावीकाकांबद्दल एक गोष्ट गेली बेचाळीस वर्षं गल्लीत दबक्या आवाजात फिरते आहे. दिसतो तेवढा हा माणूस साधा नाही म्हणे. तरुणपणी खेळण्यांच्या कारखान्यात असताना त्याने मुद्दाम चाळीस पत्र्याची बदकं उलटी चालणारी केली, आळ जिवलग मित्रावर, शिट्टीवर, येऊ दिला आणि त्याची नोकरी घालवली. का? तर दोघांचा एकाच मुलीवर डोळा होता. शिट्टी गेला, वाट मोकळी झाली, सहा महिन्यांत लग्न. ती मुलगी म्हणजे आजच्या काकू.

किराणावाल्याने तर या गोष्टीत काकांना लाल सदराही घातला आहे. चावीकाका स्वतः मात्र यावर कधी चकार शब्द बोलले नाहीत, आणि गप्प बसणाऱ्याबद्दल लोकांची खात्री फार लवकर पटते.

ते बोलत नव्हते, कारण त्यांना काही आठवतच नव्हतं.

बदकाच्या पोटात स्प्रिंगची डबी बसवायची, पोट बंद करणाऱ्या पत्र्याच्या पट्ट्या, म्हणजे कान, मुडपायचे, चावी देऊन फळीवर चालवून बघायचं, हे त्यांचं काम. शेजारच्या बाकावर शिट्टी तेच काम शिट्टी वाजवत करायचा. दिवसाला दीडशे बदकं. त्या आठवड्यात मालाची घाई होती, चालवून बघायचं राहिलं. पुढे दुकानांतून तक्रार आली, की बदकं मागे मागे जातात. मुकादमाने सगळ्यांना उभं करून विचारलं, "हा कुणाचा उद्योग?" आणि शिट्टीने हात वर केला. बस्स. संध्याकाळी त्याचा हिशेब झाला.

शिट्टीने ते खरंच केलं होतं, की काकांचं पाप स्वतःच्या अंगावर घेतलं होतं? काकांच्या डोक्याचा यानेच भुगा केला होता. शिट्टीने पुढे कोपऱ्यावर सायकल दुरुस्तीचं दुकान टाकलं, आणि काका तेव्हापासून बाजारात जायला लांबचा वळसा घेतात. माफी मागायची तरी कशाची मागायची? न केलेल्या गोष्टीची मागितली तर येडे ठरू, केलेल्या गोष्टीची नाही मागितली तर हरामखोर. पायांनी मग वळसाच पसंत केला.

परवा रविवारी समोरच्या बाई आल्या. शाळेत गणित शिकवतात. हातात जुना बिस्किटांचा डबा. काका घड्याळं, चावीची खेळणी असलं काहीबाही घरी दुरुस्त करतात, म्हणून तर हे नाव. डब्यातून बाईंनी काचेच्या गोट्या बाजूला केल्या, भोवऱ्याची दोरी, स्टोव्हची पिन, रेडिओचं एक बटण, आणि खालून पत्र्याचं पिवळं बदक काढलं.

"काका, हे चालेनासं झालंय. आणि ऐका, सरळ करू नका हं! हे मागे चालतं. मला लहानपणी वाटायचं बदकं अशीच चालतात. शाळेत बदकाचं चित्र काढलं तर पाय उलटे काढले. काय मार खाल्लाय या बदकापायी!"

काकांनी बदक दोन्ही हातांनी घेतलं.

बाई गेल्यावर त्यांनी दार लोटलं. बाकावरचा प्रत्येक जण डबी बसवली की पोटात आतून खिळ्याने खूण मारायचा. काकांचा एक ठिपका, शिट्टीचे दोन. म्हणजे बेचाळीस वर्षांचा सवाल या पिवळ्या पोटात होता. काकांनी कान उचकटले, चष्मा कपाळावरून नाकावर घेतला.

एकच ठिपका.

म्हणजे आपणच. आणि गंमत बघा, एवढं ठरल्याबरोबर त्यांना सगळं आठवायलाच लागलं! आपण डब्या उलट्या बसवतोय, गालात हसतोय, अंगात लाल सदरा आहे... मग ते चपापले. लाल सदरा त्यांच्याकडे कधी नव्हताच. तो किराणावाल्याचा.

"अगं," त्यांनी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन सांगून टाकलं, "बदकं मीच उलटी केली होती."

काकू मटार सोलत होत्या. "कशावरून?"

"माझा ठिपका आहे."

काकूंनी बदक हातात घेतलं, पोटात डोकावल्या. "डबी तुम्ही बसवलीत. डबीत स्प्रिंग कोण गुंडाळायचं?"

"आतल्या खोलीतल्या मुली."

"त्यात नवीन कोण होती?"

"तू," काका म्हणाले.

"तक्रार आली तेव्हाच मला कळलं, माझ्या पहिल्या दिवशीच्याच स्प्रिंगा त्या. नळापाशी उभी राहून रडत होते. शिट्टीभावजी पाणी प्यायला आले, त्यांना सांगितलं. म्हणाले, डोळे पूस आणि गप्प राहा."

"आणि हात वर केला."

"केला."

"अगं, मग मला का नाही सांगितलंस? बेचाळीस वर्षं?"

"सांगणारच होते. तेवढ्यात लोक बोलायला लागले, की तुम्ही हे सगळं माझ्यासाठी केलंत." काकूंनी आणखी एक शेंग फोडली. "ऐकायला बरं वाटायचं हो. एरवी माझ्यासाठी तुम्ही केलंयत काय?"

"पण मग... तू लग्न त्याच्याशी का नाही केलंस?"

"त्यांनी विचारलं नाही. तुम्ही विचारलंत."

या उत्तराने आपण सुटलो की अडकलो, हे काकांना कळेना. त्यांनी चपला घातल्या आणि बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा जवळच्या रस्त्याने निघाले. शिट्टी ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघत होता.

"तुला माहीत होतं," काका म्हणाले.

"काय?"

"बदकं. मी नव्हती केली."

"तू कुठला करतोयस! तेवढं डोकं असतं तर मुकादम झाला असतास."

"मग इतकी वर्षं मी लांबून जातोय, तर हाक का नाही मारलीस?"

"मला वाटलं, तुला माझा राग आला असेल. तिच्यासाठी हात वर केला म्हणून."

"तिच्यासाठीच केलास?"

शिट्टीने ट्यूब पाण्यातून बाहेर काढली, पंक्चरवर बोट ठेवलं आणि म्हणाला, "बस. चहा सांगतो." काका बसले. विचारलेल्याचं उत्तर मिळालं की नाही, हे त्यांना चहा संपेपर्यंत समजलं नाही, आणि दुसऱ्यांदा विचारायचं धाडस झालं नाही.

खरं काय ते एवढंच: काकू डावखुऱ्या आहेत. कामाच्या पहिल्या दिवशी त्यांनी स्प्रिंग गुंडाळायची मूठ डाव्या हाताने उलटी फिरवली. चाळीस स्प्रिंगा उलट्या गुंडाळल्या गेल्या. मुद्दाम कुणी काही केलं नव्हतं.